ड्रॉवरमध्ये ठेवलेला समुद्र

फोनची गॅलरी उघडा आणि जरा मागे जा. गेल्या वर्षीच्या ट्रिपचे तीनशे-चारशे फोटो असतील. त्यातले परत नीट पाहिलेले किती? दहा? 'नंतर निवांत बघू' म्हणत आपण क्लिक करत सुटतो, आणि ते 'नंतर' काही येत नाही. आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याचंही थोडं असंच झालं. फरक इतकाच की त्याच्याकडे फोटो नव्हते. त्याच्याकडे सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या प्राण्यांचे ६५ हजारांहून जास्त जीवाश्म होते.

त्याचं नाव चार्ल्स डूलिटल वॉलकॉट. मधलं नाव इंग्रजीत मोडून वाचलं तर 'थोडंच काम कर' असा काहीतरी अर्थ निघतो. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज पार चुकला, कारण या माणसाने आयुष्यभर फक्त काम केलं. इतकं, की शेवटी त्याच कामाने त्याचा घात केला असं मला वाटतं. पण त्यावर नंतर येऊ.

जन्म १८५० चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावातला. चार्ल्स दोन वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा अभ्यासात फार चमकला असंही नाही. अठराव्या वर्षी त्याने शाळा सोडली, तीही पूर्ण न करता. मग युटिका शहरात हार्डवेअरच्या दुकानात कारकुनी केली. खिळे, कुलपं, कड्याकोयंडे मोजण्यात त्याचं मन रमणं शक्यच नव्हतं, कारण डोक्यात लहानपणापासून दगड भरले होते. घराच्या आसपासच्या चुनखडकात ट्रायलोबाइट सापडायचे. ट्रायलोबाइट म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेले समुद्री जीव. पाठीवर कवच, त्या कवचाचे उभे तीन भाग, लांबून बघितलं तर मोठ्या पैशासारखे. पावसाळ्यात अंगणात वेटोळं करणारा पैसा नाही का, अगदी तसेच हेही संकटात गोळा व्हायचे.

१८७१ मध्ये चार्ल्स ट्रेंटन फॉल्सजवळच्या विल्यम रस्ट यांच्या शेतावर कामाला लागला. शेतावर राहायचं, काम करायचं आणि उरलेल्या वेळात शेतातल्याच खाणीतून जीवाश्म काढायचे. रस्ट यांनाही तोच नाद. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीशी, लुराशी, चार्ल्सचं लग्न झालं. १८७३ मध्ये त्याने आपला संग्रह हार्वर्डच्या लुई अगासी या मोठ्या शास्त्रज्ञाला साडेतीन हजार डॉलरना विकला. त्या काळात ही रक्कम म्हणजे चैन होती. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की अगासींनी या शेतमजूर पोराला गंभीरपणे घेतलं आणि अभ्यास कर म्हणून सुचवलं. चार्ल्सने हार्वर्डला जायचं ठरवलंसुद्धा. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अगासी गेले. कॉलेजचा विषय तिथेच संपला. पुढे मानद पदव्या ढिगाने मिळाल्या, पण परीक्षा देऊन मिळवलेली एकही डिग्री या माणसाकडे कधीच नव्हती.

या काळातलं त्याचं एक काम मला सगळ्यात जास्त आवडतं. तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये वाद होता की ट्रायलोबाइटला पाय होते का? कवच टणक, ते टिकतं. पाय नाजूक, ते कुजतात. त्यामुळे जीवाश्मात पाठ दिसायची, पोट नाही. चार्ल्सने काय केलं, तर खडकात गुंडाळलेले ट्रायलोबाइट आडवे-उभे कापायला सुरुवात केली. कांद्याच्या चकत्या कराव्यात तशा. प्रत्येक चकती पारदर्शक होईपर्यंत घासायची आणि भिंगाखाली धरायची. एक नाही, दोन नाही, शेकडो ट्रायलोबाइट. बहुतेकांत काहीच नाही. पण काहींत पायांचे काप दिसले, आणि ट्रायलोबाइटला सांध्यांचे पाय होते हे त्याने दाखवून दिलं. प्रयोगशाळा नाही, गाइड नाही, फेलोशिप नाही. हातात एकच प्रश्न आणि भरपूर वेळ. हा 'भरपूर वेळ' लक्षात ठेवा.

लुरा १८७६ च्या जानेवारीत गेली. जेमतेम चार वर्षांचं लग्न. चार्ल्स पंचवीस वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या शेवटी तो ऑल्बनीला गेला आणि न्यूयॉर्क राज्याचे भूशास्त्रज्ञ जेम्स हॉल यांच्या हाताखाली रुजू झाला. तिथून १८७९ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात, म्हणजे यूएसजीएसमध्ये. पगार महिना ५० डॉलर. इथून पुढे त्यांना 'अरेतुरे' करणं जरा कठीण आहे, कारण वॉलकॉट चढत गेले ते चढतच गेले. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हिवाळाभर मुक्काम ठोकून त्यांनी खडकांचे थर मोजले, कॅम्ब्रियन काळातल्या जिवांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. १८९४ मध्ये ते त्याच खात्याचे संचालक झाले. १९०७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सेक्रेटरी, म्हणजे सर्वोच्च अधिकारी. कार्नेगी इन्स्टिट्यूशन उभी करण्यात त्यांचा हात, राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे, आणि जी विमानविषयक समिती पुढे 'नासा' झाली ती १९१५ मध्ये स्थापन व्हावी म्हणून धावपळ करणारेही तेच. शाळा सोडलेला मुलगा अमेरिकेतल्या विज्ञानाचा कारभारी झाला होता.

फक्त उन्हाळा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला. उन्हाळा आला की टाय सोडायचा, हातोडा उचलायचा, बायकोमुलांना घ्यायचं आणि डोंगरात जायचं. १८८८ मध्ये त्यांनी हेलेना स्टीव्हन्स यांच्याशी लग्न केलं होतं. तीन मुलगे, एक मुलगी. कॅनडातल्या रॉकी पर्वतात फील्ड नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथल्या माउंट स्टीफनवर ट्रायलोबाइट मिळतात हे रेल्वेच्या कामगारांमुळे आधीच माहीत झालं होतं. वॉलकॉट १९०७ पासून त्या भागात जात होते.

१९०९ च्या ऑगस्टच्या अखेरीला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ते माउंट फील्ड आणि माउंट वाप्टा यांच्यामधल्या कड्याच्या उतारावर होते. या दिवसाची एक फिल्मी गोष्ट सांगितली जाते. हेलेनाबाईंचा घोडा पायवाटेवर एका दगडाला अडखळला, वॉलकॉट उतरले, दगड बाजूला करता करता फोडून बघितला, आत चमत्कार! तेवढ्यात बर्फ पडायला लागला, आणि मग वर्षभर तळमळत वाट पाहावी लागली. गोष्ट झकास आहे. पण वॉलकॉट रोज डायरी लिहायचे, आणि डायरीत यातलं काही नाही. डायरीनुसार ३० आणि ३१ ऑगस्टला त्यांना त्या उतारावर वेगळेच जीवाश्म मिळाले, त्यांनी त्यांची छोटी चित्रंही पानावर काढली, आणि नंतरचे काही दिवस सगळं कुटुंब तिथे मजेत दगड फोडत होतं. घोडा वगैरे मागाहून चिकटलेला मसाला. मला तरी चित्रं काढणारा साठीचा माणूस घोड्यापेक्षा जास्त भावतो.

त्या दगडांत वेगळं काय होतं? ट्रायलोबाइटचे पाय आठवा. मऊ अवयव जीवाश्मात राहत नाहीत, हा नियम. इथे मात्र मऊच सगळं राहिलं होतं. मिशा, कल्ले, डोळे, आतडी, कधीकधी आतड्यातलं शेवटचं जेवणसुद्धा. अंगात एकही टणक भाग नसलेले किडे काळ्या चकचकीत दगडावर पेन्सिलीने रेखाटल्यासारखे उमटले होते.

याचं कारण तो समुद्र. ५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर प्राणी नव्हते. जे काही होतं ते पाण्यात. आजचा हा डोंगर तेव्हा एका खंडाच्या काठावरचा समुद्रतळ होता, तोही विषुववृत्ताच्या आसपास. उथळ पाण्यात चुनखडकाची मोठी पायरी तयार झाली होती, आणि तिच्या टोकाला पाण्याखालीच शंभर मीटरहून उंच कडा होता. कड्याच्या पायथ्याला खोल पाणी. वरून अधूनमधून बारीक चिखलाचे लोट घसरत यायचे आणि तिथल्या प्राण्यांना क्षणात पुरून टाकायचे. चिखल इतका मऊ की कल्ल्यांच्या फटींतही शिरला. दबलेल्या त्या चिखलात कुजवणाऱ्या जंतूंचं फार काही चाललं नाही. पुढे त्यावर थरांवर थर चढले, चिखलाचा शेल झाला, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा खडक, आणि मग जमिनीच्या हालचालींनी तो समुद्रतळ उचलून डोंगराच्या माथ्याजवळ नेऊन ठेवला. आज ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटरवर आहे. वॉलकॉट यांनी या थराला नाव दिलं बर्जेस शेल.

१९१० च्या उन्हाळ्यात ते परत आले. सुटे दगड ज्या थरातून घरंगळले तो मूळ थर सिडनी आणि स्टुअर्ट या मुलांसोबत चढून शोधून काढला. मग महिनाभर खोदकाम. मोठे तुकडे उतारावरून पायवाटेपर्यंत घसरवायचे, घोड्यांवर लादून तंबूपर्यंत आणायचे. तिथे हेलेनाबाई त्यांच्यासोबत ते पापुद्र्यांवर फोडायच्या, कडा छाटायच्या, गुंडाळून पेट्यांत भरायच्या. पेट्या तीन हजार फूट खाली फील्ड स्टेशनवर, तिथून वॉशिंग्टन. सिडनीला एक नवाच प्राणी सापडला, त्याचं नाव बापाने सिडनीया ठेवलं. स्टुअर्ट तेव्हा चौदा वर्षांचा होता. एवढं सुखी कुटुंब डोंगरात दगड फोडतंय, हे चित्र इथेच थांबवावंसं वाटतं.

कारण पुढच्याच वर्षी, जुलै १९११ मध्ये, हेलेनाबाई कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टजवळ रेल्वे अपघातात गेल्या. १९१३ मध्ये थोरला मुलगा चार्ल्स क्षयाने गेला. १९१७ च्या डिसेंबरमध्ये स्टुअर्ट, जो पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून फ्रान्सला गेला होता, हवाई लढाईत मारला गेला. एकवीस वर्षांचा. आणि या सगळ्या वर्षांत खाणीचं काम चालूच होतं. हेलेनाबाई गेल्या त्या उन्हाळ्यातही वॉलकॉट डोंगरावर होते. १९१२, १९१३, मग १९१७. काही लोक दुःखात बोलतात, काही गप्प होतात. हा माणूस बहुधा दगड फोडत राहिला. १९१४ मध्ये त्यांनी मेरी व्हॉ यांच्याशी लग्न केलं. मेरीबाई स्वतः रॉकी पर्वतातल्या हिमनद्यांच्या अभ्यासक, आणि रानफुलांची जलरंगातली त्यांची चित्रं पुढे स्मिथसोनियनने पाच खंडांत छापली. नंतरचे उन्हाळे दोघांनी त्याच डोंगरांत काढले.

पण पेट्यांचं काय झालं?

वॉलकॉट यांनी १९११-१२ मध्ये घाईघाईत काही निबंध छापले. डझनावारी नव्या प्राण्यांना नावं दिली, आणि प्रत्येकाला ओळखीच्या गटात टाकून दिलं. हा कोळंबीचा भाऊबंद, हा जेलीफिश, ही समुद्रकाकडी, हा किडा. नीट अभ्यास नंतर. सेवानिवृत्त झालो की निवांत. दिवसभर निधी, इमारती, सिनेटर, समित्या. जीवाश्मांना उरायचे ते तुकड्यातुकड्यांचे तास. आणि निवृत्ती आलीच नाही. ९ फेब्रुवारी १९२७ ला ते गेले तेव्हाही स्मिथसोनियनचे सेक्रेटरी होते. उरलेल्या टिपणांचं पुस्तक १९३१ मध्ये दुसऱ्यांनी काढलं. दगड ड्रॉवरमध्ये राहिले. एक-दोन नाही, तब्बल चाळीसेक वर्षं जवळपास कुणी ते नीट पाहिलेच नाहीत.

१९६६-६७ मध्ये कॅनडाच्या भूशास्त्रीय खात्याने ती खाण पुन्हा उघडली. त्यात होते केंब्रिजचे प्राध्यापक हॅरी व्हिटिंग्टन. पुढे त्यांनी दोन विद्यार्थी हाताशी घेतले, डेरेक ब्रिग्ज आणि सायमन कॉनवे मॉरिस. दोघांचं वय? विशीची पहिली वर्षं. म्हणजे तुमच्या-माझ्याएवढी पोरं. त्यांनी वॉशिंग्टनच्या ड्रॉवरमधले दगड बाहेर काढले, सुईसारख्या अवजारांनी एकेक पापुद्रा सोडवला, वेगवेगळ्या कोनांतून चित्रं काढली. आणि वॉलकॉट यांची लेबलं एकामागून एक गळायला लागली.

ओपाबिनिया नावाच्या प्राण्याला पाच डोळे आणि पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला चिमटा. व्हिटिंग्टन यांनी एका परिषदेत त्याचं चित्र दाखवलं तेव्हा सभागृह हसत सुटलं. किडा म्हणून नोंदलेल्या एका प्राण्याच्या अंगावर काटेच काटे. कॉनवे मॉरिसने त्याचं नाव हॅल्युसिजेनिया ठेवलं, म्हणजे भास झाल्यासारखा प्राणी. आणि सगळ्यात भारी भानगड अॅनोमॅलोकॅरिसची. त्याची पंजासारखी अंगं एका शास्त्रज्ञाने वॉलकॉट यांच्याही आधी कोळंबीचं धड म्हणून नोंदवली होती. वॉलकॉट यांनी त्याच प्राण्याच्या वाटोळ्या तोंडाला जेलीफिश म्हटलं आणि धडाला समुद्रकाकडी. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी सिद्ध केलं की तिन्ही मिळून एकच प्राणी, त्या समुद्रातला मोठा शिकारी. बाकीचे बहुतेक बोटाएवढे असताना हा फूट-दीड फुटाचा.

आणि पिकाया. जेमतेम दोन इंचांचा, पानासारखा चपटा. वॉलकॉट यांनी त्याला गांडुळाच्या जातकुळीत टाकलं. कॉनवे मॉरिसने दाखवलं की याच्या पाठीतून एक दांडी गेली आहे, म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांच्या घराण्यातला हा फार जुना सदस्य. मासे, बेडूक, चिमण्या आणि आपण, सगळे याच घराण्यातले.

१९८९ मध्ये हार्वर्डचे स्टीफन जे गुल्ड यांनी 'वंडरफुल लाइफ' या पुस्तकात हे सगळं जगाला सांगितलं. त्यात वॉलकॉट जवळपास खलनायक आहेत. गुल्ड यांचं म्हणणं साधारण असं, की हा माणूस परंपरेवर विश्वास असलेला, जीवन पायरीपायरीने नीट वर चढतं असं मानणारा. म्हणून विचित्र काही दिसलं तरी ते जुन्या कप्प्यात कोंबणं त्याला भागच होतं. पुस्तक खूप गाजलं. पण मग नवी गंमत सुरू झाली. चीनमध्ये चंगजियांगला याहूनही जुने असेच जीवाश्म मिळाले, आणि १९९१ मध्ये कळलं की कॉनवे मॉरिस यांनी हॅल्युसिजेनिया चक्क उलटा धरला होता. ज्यांना ते पाय समजले ते पाठीवरचे काटे निघाले. पाच डोळ्यांचा ओपाबिनियाही आज अगदीच परका मानत नाहीत. संधिपाद प्राण्यांच्या, म्हणजे खेकडे-कीटकांच्या, वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ त्याला जागा मिळाली आहे. म्हणजे वॉलकॉट चुकले, त्यांची चूक काढणारे चुकले, आणि वॉलकॉट यांचे काही ढोबळ अंदाज पुन्हा जवळचे वाटू लागले.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला गुल्ड यांचा खटला पटत नाही. ज्याने शेतमजूर असताना एका प्रश्नासाठी शेकडो ट्रायलोबाइट घासले, त्याला विचित्र गोष्टींची भीती वाटत होती असं कसं म्हणायचं? पंचविशीत त्याच्याकडे एक प्रश्न आणि मोकळे हिवाळे होते. साठीनंतर ६५ हजार दगड होते आणि एकही हिवाळा नव्हता.

त्यांची पाठराखणही फार करता येत नाही. खुर्ची त्यांनी हौसेने धरली होती, आणि कधीकधी चुकीच्या बाजूने वापरली. स्मिथसोनियनचे आधीचे सेक्रेटरी सॅम्युएल लँगली हे वॉलकॉट यांचे मित्र. त्यांचं विमान १९०३ मध्ये राइट बंधूंच्या उड्डाणाच्या नऊ दिवस आधी पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. १९१४ मध्ये वॉलकॉट यांच्या काळात ते विमान बरेच बदल करून थोडंसं उडवलं गेलं, आणि नंतर संग्रहालयात 'उडू शकणारं पहिलं विमान' म्हणून मांडलं गेलं. ऑरव्हिल राइट इतके संतापले की १९२८ मध्ये त्यांनी आपलं खरं पहिलं विमान लंडनला पाठवून दिलं. ते अमेरिकेत परतायला १९४८ उजाडलं. दगडांवरची चुकीची लेबलं घाईतली म्हणता येतील. हे लेबल घाईतलं नव्हतं.

ती खाण आज वॉलकॉट क्वारी म्हणून ओळखली जाते. बर्जेस शेल १९८० पासून जागतिक वारसा आहे, आणि टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमची माणसं त्या भागातून अजून नवे प्राणी शोधून काढतात. तुम्हालाही जाता येतं, पण गाइडसोबतच. येऊनजाऊन वीस किलोमीटरहून जास्त चाल, बऱ्यापैकी चढ. वर पोचल्यावर पायाखाली काळ्या शेलचे तुकडे पडलेले असतात. उचलायचे, उन्हात तिरके धरायचे म्हणजे चकाकी दिसते, आणि जिथून उचलले तिथेच ठेवायचे. खिशात टाकणं गुन्हा आहे.